उष्णतेचे चित्र आणि छातीतली गाठ

वाचकहो, घरातले मूल भर दुपारी खेळ सोडून कोपऱ्यात जाऊन निजले, तर आई काय करते? ती त्याच्याजवळ जाते आणि हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लावते. मग गळ्याखाली, मग पोटावर. "अंगात कणकण आहे गं," असे म्हणते आणि पुढच्या उद्योगाला लागते. घरात थर्मामीटर असला तरी पहिली परीक्षा हाताचीच. अंग तापले म्हणजे आत काही तरी बिघडले आहे, हे तिला कोणी शाळेत शिकवलेले नसते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे ज्ञान आहे, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते.

याच ज्ञानाच्या बळावर स्त्रियांच्या छातीतला कर्करोग शोधून काढण्याची एक युक्ती गेल्या शतकात निघाली. शरीरातून निघणाऱ्या उष्णतेचे चित्र काढायचे आणि ते पाहून रोग ओळखायचा. या युक्तीची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे. केवळ करमणूक म्हणून नव्हे. तिच्यात तुमच्या आमच्या घरातल्या बायकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

समजा, तुमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी एक गाडी येऊन उभी राहिली. गाडीवर फलक आहे: दुखत नाही, दाबत नाही, किरणे सोडत नाही, अंगाला हात लावत नाही, पंधरा मिनिटांत छातीची तपासणी. आत एक कॅमेरा, एक संगणक आणि पडद्यावर निळ्या-हिरव्या-तांबड्या रंगांची झगझगीत चित्रे. शाळेतल्या बाई म्हणतील, "यात वाईट काय आहे? गावातल्या आयाबायांना पाठवायला हवं." सरपंचही म्हणतील, "चांगलंच आहे की!" यात वाईट काय आहे, असलेच तर, याचे उत्तर त्या रंगीत चित्रात सापडत नाही. ते या युक्तीच्या इतिहासात सापडते.

फार जुन्या काळापासून सुरुवात करू. ग्रीस देशातल्या हिपोक्रेटीस या वैद्याच्या नावावर जे ग्रंथ आहेत, त्यांत छातीच्या पोकळीत पू झाल्यास तो नेमका कोठे आहे हे ओळखण्याची एक रीत दिली आहे. बारीक वाटलेली माती पाण्यात कालवायची, तिच्यात कापड भिजवायचे आणि ते रोग्याच्या छातीभोवती गुंडाळायचे. ज्या जागी कापड सर्वांत आधी वाळेल, त्या जागी आत पू आहे असे समजायचे. पाहा, किती साधी गोष्ट! सारवलेल्या अंगणात ज्या बाजूला ऊन असते ती बाजू आधी वाळते, तसेच हे. उष्णता डोळ्यांना दिसत नाही, पण तिने वाळवलेली माती दिसते. उष्णतेचे हे पहिले चित्र म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षे या बाबतीत फारसे काही घडले नाही. मग १८०० साली इंग्लंडात विल्यम हर्षल नावाच्या ज्योतिषशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. हर्षल हे मूळचे जर्मनीतल्या हॅनोव्हरचे, पेशाने वादक. पुढे दुर्बिणी तयार करण्याचा नाद लागला आणि १७८१ साली त्यांनी युरेनस हा ग्रह शोधून काढला. सूर्याकडे दुर्बिणीतून पाहताना ते निरनिराळ्या रंगांच्या काचा वापरीत. काही काचांतून उजेड कमी येई पण चटका जास्त बसे, असे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे पाहावे, म्हणून त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग टेबलावर पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तसतसा पारा वर चढू लागला. मग त्यांनी थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे ठेवला, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. आणि पारा तिथे आणखी चढला! डोळ्यांना न दिसणारे, पण उष्णता वाहून नेणारे किरण आहेत, हे असे उघड झाले. आज आपण त्यांना अवरक्त किरण म्हणतो. प्रत्येक ऊबदार वस्तूतून ते निघत असतात: चुलीतून, तापलेल्या पत्र्यातून, गोठ्यातल्या गाईच्या अंगातून, आणि तुमच्या-माझ्या शरीरातूनही.

हर्षल यांचे चिरंजीव जॉन हर्षल हेही मोठे शास्त्रज्ञ. १८४० साली त्यांनी काजळी धरलेला पातळ कागद मद्यार्कात भिजवून त्यावर सूर्यकिरणांचा पट्टा पाडला. जिथे उष्णता जास्त तिथला मद्यार्क आधी उडून गेला आणि कागदावर उष्णतेची आकृती उमटली. ग्रीक वैद्याच्या ओल्या मातीचीच ही सुधारलेली आवृत्ती! या आकृतीला त्यांनी ‘थर्मोग्राम’ म्हणजे उष्णतालेख असे नाव दिले.

इकडे वैद्यकातही उष्णता मोजण्याला शिस्त येत होती. जर्मनीतल्या लाइप्झिग शहरात कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी हजारो रोग्यांच्या अंगाचा ताप वर्षानुवर्षे टिपून ठेवला आणि १८६८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, हे त्यांच्यामुळे सर्वमान्य झाले. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हेही त्यांनी ठासून सांगितले. वाचकहो, हे वाक्य मनात ठेवा. ताप म्हणजे लक्षण. कशाचे लक्षण, ते ताप स्वतः सांगत नाही. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ याच गोष्टीच्या विसरात आहे.

आता आपण कॅनडात जाऊ. मॉन्ट्रियल शहरात डॉ. रे लॉसन नावाचे एक शस्त्रवैद्य होते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करताना त्यांना असे दिसले की, गाठीवरची कातडी आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित गरम असते. आपले हे निरीक्षण त्यांनी १९५६ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. पुढे १९६३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. कर्करोगाच्या गाठीत जे रक्त शिरते, त्यापेक्षा तेथून बाहेर पडणारे रक्त गरम असते. म्हणजे गाठ स्वतःच उष्णता तयार करते. याचे कारणही समजण्यासारखे आहे. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांना अन्न जास्त लागते, त्या आपल्याभोवती नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात. जिथे धावपळ जास्त, तिथे ऊब जास्त.

लॉसन यांचे निरीक्षण खोटे नव्हते, हे आधीच स्पष्ट करते. शास्त्र म्हणून ते पक्के होते. प्रश्न पुढे निर्माण झाला.

त्याच सुमारास एक योग जुळून आला. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर शत्रूला रात्रीच्या अंधारात हेरण्यासाठी अवरक्त किरण टिपणारी यंत्रे लष्कराने तयार करवली होती. १९५० ते ६० च्या दरम्यान हे गुपित हळूहळू खुले झाले आणि तसली यंत्रे डॉक्टरांच्या हाती आली. रोगी बाईने कमरेपर्यंत उघडे होऊन गार खोलीत दहा-पंधरा मिनिटे बसायचे, म्हणजे कातडी स्थिर होते. मग यंत्र तिच्या छातीवरून ओळीओळीने दृष्टी फिरवणार आणि काळ्या-पांढऱ्या छटांत उष्णतेचा नकाशा कागदावर उतरवणार. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स या देशांत या नव्या विद्येचा मोठा बोलबाला झाला. फिलाडेल्फियाचे डॉ. गेर्शन-कोहेन यांच्यासारखे नावाजलेले क्ष-किरणतज्ज्ञ तिच्या मागे उभे राहिले. १९६४ साली न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीने या विषयावरचा निबंधसंग्रहच छापून काढला.

हा उत्साह का आला, तेही समजून घेतले पाहिजे, नाही तर त्या डॉक्टरांवर अन्याय होईल. छातीतली गाठ हाताला लागण्याच्या आधी शोधायची, तर दुसरा उपाय होता क्ष-किरणांचा. बर्लिनचे शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ साली, शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरणचित्रे घेऊन कर्करोग चित्रात कसा दिसतो हे दाखवले होते. या क्ष-किरणचित्रालाच आज मॅमोग्राफी म्हणतात. १९६० नंतर ती पद्धत अमेरिकेत रुजू लागली. पण त्या काळच्या यंत्रांतून क्ष-किरणांची मात्रा आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त पडे. रोग शोधण्यासाठी सोडलेल्या किरणांनीच, न जाणो, एखादीला रोग झाला तर? ही भीती पोकळ नव्हती. १९७६ साली तर या प्रश्नावर अमेरिकेत मोठा वाद माजला. अशा वेळी ज्यात किरण सोडायचेच नाहीत, शरीरातून आपोआप निघणारी ऊबच टिपायची, ती पद्धत कोणाला आवडणार नाही?

सुरुवातीचे अहवालही फार आशादायक होते. कर्करोग झालेल्या बहुतेक बायकांची उष्णताचित्रे बिघडलेली आढळतात, असे ठिकठिकाणचे डॉक्टर लिहू लागले. मग घोडे अडले कुठे?

हे नीट समजावे म्हणून आपल्या घरातला दाखला घेऊ. आंब्याची आढी लावलेली आहे. तिच्यातून तुम्ही दहा नासके आंबे निवडून बाहेर काढलेत आणि मला म्हणालात, "हात लावून सांगा, हे नासलेत की नाही." मी दहापैकी नऊ बरोबर सांगेन, कारण ते आधीच पिचपिचीत झालेले आहेत. पण आता मला सांगा की, त्या गवतात हात घालून, हजार आंब्यांतला नुकता नासायला लागलेला एक आंबा केवळ ऊब पाहून शोधून काढ. आढी तर सगळीच गरम! पिकणारा प्रत्येक आंबा ऊब सोडतो. मी चांगल्या आंब्याला नासका म्हणेन आणि नासका तसाच राहील.

सुरुवातीच्या अहवालांत नेमके हेच घडले होते. त्या बायका रुग्णालयात आलेल्या होत्या त्या मुळी गाठ लागली म्हणून. गाठी मोठ्या, वाढलेल्या, गरम. पण ज्या बाईला काहीच त्रास नाही, जिला गाठ लागत नाही, अशा हजारो निरोगी बायकांतून एखादीतली बारीकशी गाठ हुडकून काढणे, हे काम सर्वस्वी निराळे. त्यालाच चाळणी-तपासणी म्हणतात. चाळणीची परीक्षा चाळणीनेच घ्यावी लागते.

ती परीक्षा अमेरिकेत झाली. १९७३ साली तिथली कर्करोग सोसायटी आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी मिळून देशभर एक मोठा प्रकल्प काढला. निरनिराळ्या शहरांत केंद्रे उघडून सुमारे २,८०,००० स्त्रियांची वर्षावर्षाने तपासणी करायचे ठरले. हाताने तपासणी, क्ष-किरणचित्र आणि उष्णताचित्र, तिन्ही एकाच वेळी. म्हणजे एकाच बाईवर तिन्ही पद्धतींची आपोआप तुलना. सिनसिनाटीच्या केंद्रातील डॉक्टरांनी १९७६ साली आपला निष्कर्ष जाहीर केला: अगदी लहान आणि पहिल्या पायरीवरचा कर्करोग ओळखण्याच्या कामी उष्णताचित्राचा उपयोग होत नाही. १९७७ साली दुसरा एक अहवाल आला. त्यात १६,००० तपासण्यांचा हिशेब होता. सापडलेल्या एकूण कर्करोगांपैकी क्ष-किरणांनी शंभरातले ७८ ओळखले होते. डॉक्टरच्या साध्या हातांनी निम्म्याहून अधिक ओळखले होते. आणि उष्णताचित्राने? शंभरातले अवघे ३९.

हा आकडा पुन्हा वाचा. पाचांपैकी तीन बायकांना त्या यंत्राने सांगितले असते, "बाई, तुम्हाला काही नाही, निर्धास्त घरी जा." म्हणूनच तो राष्ट्रीय प्रकल्प चालू असतानाच उष्णताचित्रे काढणे त्यातून बंद करण्यात आले.

यंत्र चुकले कुठे? एक तर, कातडीची ऊब अनेक कारणांनी वाढते. मासिक पाळीच्या आगेमागे, गरोदरपणी, अंगावर पाजत असताना, दूध साकळून सूज आली तर, साधे गळू झाले तर, उन्हातून चालत आले तर, एवढेच काय पण घट्ट कपड्याने घासले तरी. दुसरे म्हणजे, सगळे कर्करोग गरम नसतात. काही सावकाश वाढतात, त्यांची ऊब कातडीपर्यंत पोहोचत नाही. गाठ खोल असेल आणि वर चरबीचा थर असेल, तर ती ऊब वाटेतच जिरते. राखेच्या ढिगाखाली निखारा असला तरी वरून हात लावून राख गारच लागते, तशातला प्रकार. आणि तिसरे, गंमत अशी की, ज्या गाठी सर्वांत लवकर सापडायला हव्यात, त्या लहान गाठीच सर्वांत कमी ऊब देतात.

आता एक छोटा हिशेब करा. गुरुजींनी तो फळ्यावर मांडावा. समजा गावात एक हजार बायका आहेत आणि त्यांतल्या पाच जणींच्या छातीत रोग दडलेला आहे. तपासणीने दोन शोधल्या, तीन सुटल्या. उरलेल्या ९९५ निरोगी बायकांपैकी दहांत एकीला यंत्राने उगाच ‘संशयास्पद’ ठरवले, असे धरू. म्हणजे सुमारे शंभर बायका घाबरून शहराच्या वाऱ्या करणार, पैसे खर्चणार, रात्र रात्र जागणार. हे आकडे मी हिशेबापुरते घेतले आहेत. पण त्यातून दिसते ते खरे आहे: कमजोर चाळणी दोन्हीकडून मार देते. भित्रीला उगाच भिववते आणि जिला भ्यायला हवे तिला निर्धास्त करते. यातला दुसरा मार अधिक वाईट. कारण ‘तुम्हाला काही नाही’ असा छापील कागद ज्या बाईच्या पेटीत आहे, ती पुढे गाठ लागली तरी सहा महिने गप्प बसेल. म्हणेल, "अहो, आत्ताच तर तपासून आले!" आणि हे सहा महिने फार महाग पडतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ग्रो आणि गोत्री या संशोधकांनी वर्षानुवर्षे हजारो स्त्रियांची उष्णताचित्रे काढली. बाकी तपासणीत काहीच नसताना ज्यांचे चित्र फार बिघडलेले दिसले, अशा बायकांपैकी पुष्कळ जणींना पुढच्या काही वर्षांत कर्करोग झाला, असे त्यांनी १९८० साली लिहिले. उष्णताचित्राचे कैवारी आजही या लेखाचा दाखला देतात. पण इतर ठिकाणच्या मोठ्या तपासण्यांत या चित्रांनी असा भरवसा दिला नाही. आणि मुख्य प्रश्न तसाच राहिला. या तपासणीमुळे बायका वाचतात का?

तपासणी चांगली की वाईट, हे ठरवण्याची खरी कसोटी हीच. चित्र किती सुंदर दिसते, ही ती कसोटी नव्हे. क्ष-किरणांची अशी कसोटी झालेली आहे. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांचे दोन गट पाडून एकीकडे क्ष-किरणचित्र व हाताची तपासणी सुरू केली, दुसरीकडे नेहमीचेच चालू ठेवले. काही वर्षांनी मोजले, तेव्हा तपासलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाने कमी भरले. क्ष-किरणचित्रही सर्वगुणसंपन्न नाही, बरं का! तरुण स्त्रीच्या दाट स्तनात त्याला नीट दिसत नाही, काही गाठी त्यालाही सुटतात, काही वेळा उगाच शंका निघते, यंत्र महाग असते आणि ते चालवायला शिकलेले माणूस लागते. पण त्याने किती जीव वाचतात याचा हिशेब झालेला आहे. उष्णताचित्राचा असा हिशेब आजवर कोणत्याही देशात झालेला नाही.

पुढे १९८२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांना परवानगी दिली, पण ती केवळ दुसऱ्या तपासणीच्या जोडीला वापरायची, एकटी नव्हे, या अटीवर. काही विक्रेत्यांनी अट बाजूला ठेवली आणि ‘क्ष-किरणांऐवजी’ अशी जाहिरात सुरू केली. तेव्हा त्याच प्रशासनाला २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली जाहीर सूचना काढावी लागली की, उष्णताचित्र हे क्ष-किरणचित्राची जागा घेऊ शकत नाही. आणि एकट्या त्याच्यावर विसंबल्यास रोग उशिरा कळण्याचा धोका आहे.

म्हणजे ही विद्या टाकाऊच का? तसे म्हणण्याचीही घाई नको. आजचे कॅमेरे १९६५ च्या यंत्रांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहेत. डोळ्यांनी चित्र पाहण्याऐवजी संगणकाकडून त्यातले बारीक फरक वाचून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्यात आपला देश मागे नाही. बंगळूरमध्ये २०१६ साली स्थापन झालेली एक कंपनी याच मार्गाने काम करते. काही रुग्णालयांत काही शे स्त्रियांवर केलेल्या अभ्यासांत जुन्या काळापेक्षा चांगले आकडे आलेलेही आहेत. पण वाचकहो, पहिल्या खेपेला काय झाले ते आपण आत्ताच पाहिले. रुग्णालयातले चांगले आकडे गावागावांतल्या निरोगी बायकांत टिकतात की नाही, हे मोठ्या चाळणीने तपासल्यावाचून समजत नाही. ते समजेपर्यंत या चित्राला पूरक म्हणावे, पर्याय म्हणू नये.

"मग आम्ही खेड्यातल्या बायकांनी करायचं तरी काय? क्ष-किरणांचं यंत्र जिल्ह्याच्या गावी, आणि तेही असलं तर!" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मुंबईतून आलेले आहे.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. तिथल्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईतल्या झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग हाती घेतला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासायची, अशा चार फेऱ्या. दुसऱ्या गटाला रोगाची माहिती द्यायची. दोन्ही गटांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे. आणि तपासणार कोण? मोठे डॉक्टर नव्हेत. हेच काम शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका, बायकांनी बायकांची केलेली तपासणी. ना यंत्र, ना वीज, ना रंगीत चित्र. २०२१ साली या साऱ्याचा हिशेब ब्रिटनच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात रोग अलीकडच्या पायरीवर सापडला. पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. वीस वर्षांच्या या चिकाटीचे मोल फार मोठे आहे. कारण हा प्रयोग आपल्याच बायकांवर, आपल्याच वस्त्यांत झालेला आहे.

आज सरकारी आरोग्य योजनेतही तिशीपुढच्या स्त्रियांची छाती शिकलेल्या आरोग्यसेविकेने हाताने तपासावी, अशी व्यवस्था आखलेली आहे. २०२२ साली भारतात सुमारे १,९२,००० स्त्रियांना हा रोग नव्याने जडला आणि सुमारे ९८,००० स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. यातल्या पुष्कळ जणी गाठ लागूनही बोलल्या नव्हत्या. कोणी लाजेने, कोणी खर्चाच्या भीतीने. आणि सर्वांत जास्त, ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणून. छातीतली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. न दुखणे हे ती निरुपद्रवी असल्याचे लक्षण नव्हे.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागली, कातडीला खळगा पडला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंडी आत ओढली गेली, बोंडीतून रक्तासारखा स्राव आला, तर थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, ही धीर देणारी गोष्टही खरी आहे. पण गाठ कोणती आहे हे हाताने, क्ष-किरणचित्राने अथवा सोनोग्राफीने आणि जरूर तर सुई घालून घेतलेल्या नमुन्यानेच ठरते. उष्णताचित्र काढलेले असेल आणि ते चांगले आले असेल, तरीही गाठ लागल्यास तो कागद बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना आणखी एक विनंती. बाजारात नवे यंत्र आले की गावात पहिला सल्ला तुम्हालाच विचारला जातो. अशा वेळी दोन प्रश्न विचारायची सवय मुलांना आणि पालकांना लावा. ही तपासणी निरोगी माणसांवर करून पाहिली आहे का? आणि तिच्यामुळे किती जण वाचले, हे दुसऱ्या गटाशी ताडून कोणी मोजले आहे का? हे दोन प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही की पदवी लागत नाही.

आणि बायाबापड्यांना काय सांगू? मुलाच्या कपाळाला लावायला तुमचा हात कधी विसरत नाही. अंघोळीच्या वेळी तोच हात स्वतःकडेही वळवा, काही वेगळे लागले तर त्याच दिवशी घरात बोला, आणि आरोग्यसेविका दारी आली तर तिला ‘कामात आहे’ म्हणून परत पाठवू नका. एवढे सांगून हे भाषण पुरे करते.